धुळीच्या तबकडीतल्या काळ्या रेघा

श्रोतेहो, नमस्कार. आज एका चित्राबद्दल बोलायचं आहे, आणि रेडिओवर चित्र दाखवता येत नाही. तेव्हा ते तुम्हीच डोळ्यांसमोर आणा. मधोमध तेजस्वी ठिपका, भोवती नारिंगी, लंबगोल तबकडी आणि तिच्यात एकात एक अशी काळी कडी. (नारिंगी रंग संगणकाने भरलेला, बरं का!)

हा एचएल टॉरी. वृषभ तारकासमूहातला, सुमारे ४५० प्रकाशवर्षं दूरचा तारा. तबकडी म्हणजे त्याच्याभोवती फिरणारा वायू आणि धूळ, ज्यांतून ग्रह घडतात. २०१४ साली चिलीच्या अटाकामा वाळवंटातल्या आल्मा दुर्बिणीने हे चित्र टिपलं. आल्मा ही ६६ अँटेनांची फौज आहे. त्या काही किलोमीटर पांगवून सगळ्यांचे संकेत जुळवले, की एका अवाढव्य दुर्बिणीचा बारकावा हाती येतो. थंड धूळ स्वतः मिलिमीटरच्या आसपासच्या लहरी सोडते, आणि आल्मा नेमक्या त्याच टिपते.

चित्र पाहून खगोलशास्त्रज्ञ चकित झाले, ते ताऱ्याच्या वयामुळे. जेमतेम दहा लाख वर्षं! एवढ्या कोवळ्या ताऱ्याभोवती सपाट, एकसारखी धूळ असेल अशी अपेक्षा होती, आणि इथे तर कडी कोरलेली.

मग काळी रेघ दिसली की तिथे ग्रह, असं म्हणायचं का? बातम्यांनी तसं म्हटलं. मला ती घाई वाटते. ग्रह आपल्या वाटेवरची धूळ बाजूला सारतो हे खरं, पण वायूचा दाब कुठे कमीजास्त झाला तरी अशी कडी उमटू शकतात.

या दाबाची गोष्ट मोठी रंजक आहे. तबकडीतल्या वायूला आतून बाहेर ढकलणारा दाब असतो, म्हणून तो धुळीपेक्षा किंचित हळू फिरतो. धुळीच्या कणांना कायम समोरून वारा लागतो, त्यांची गती खुंटते आणि ते हळूहळू ताऱ्याकडे घसरत जातात. असं सगळं साहित्य ताऱ्यात पडलं तर ग्रह बनणार कशाचे? पण जिथे दाब आजूबाजूपेक्षा जास्त असतो तिथे कण अडकतात, साचतात. म्हणजे चित्रातली उजळ कडी हीच कदाचित ग्रहांची कोठारं.

अशा तबकडीत खरंच ग्रह असतात याचा पुरावा मागाल, तर पीडीएस ७० हा तारा पाहा. सुमारे ३७० प्रकाशवर्षांवरच्या या ताऱ्याच्या तबकडीत मोठी पोकळी आहे, आणि तिच्यात खरोखर दोन ग्रह सापडले: पहिला २०१८ मध्ये, दुसरा २०१९ मध्ये. २०२१ साली आल्माने त्या दुसऱ्याभोवती धुळीची स्वतंत्र छोटी तबकडीही स्पष्ट दाखवली. तिच्यातून चंद्र घडू शकतात.

२०१८ मध्ये आल्माने २० तबकड्यांची बारीक छायाचित्रं प्रसिद्ध केली. बहुतेकींत कडी होती. फक्त एक लक्षात ठेवा: त्या मुद्दाम तेजस्वी, मोठ्या निवडल्या होत्या. लहान, मंद तबकड्या संख्येने कितीतरी जास्त आहेत, आणि त्यांच्या आत इतकं बारीक पाहणं अजून फार अवघड जातं.