हरभऱ्याच्या दाण्याएवढं मलम

[दृश्य: रात्र. बेसिनवरचा आरसा, ट्यूबचं झाकण]

चेहरा धुऊन झाला की वीसेक मिनिटं थांबायचं. त्वचा पूर्ण कोरडी होऊ द्यायची. मग हरभऱ्याच्या दाण्याएवढं मलम बोटावर घ्यायचं आणि कपाळ, गाल, हनुवटी असं टिपक्या-टिपक्यांनी लावून पसरायचं. अख्ख्या चेहऱ्याला एवढं पुरतं. जास्त लावून सुरकुत्या लवकर जात नाहीत, सालपटं मात्र निघतात. औषधाचं नाव ट्रेटिनॉइन, म्हणजे ‘अ’ जीवनसत्त्वाचं आम्ल. उजेडात ते निकामी होतं, म्हणून रात्रीच लावायचं.

[दृश्य: सूक्ष्मदर्शकाखालची त्वचा]

वर्षानुवर्षं उन्हात रापलेली त्वचा आतून अशी दिसते. ताठ, सलग असायला हवेत ते कोलॅजनचे धागे तुटून विस्कटले आहेत. ट्रेटिनॉइन पेशीच्या केंद्रकात काम करतं. नवं कोलॅजन तयार करायला लावतं आणि ते तोडणाऱ्या विकरांना आवर घालतं. फरक दिसायला काही महिने लागतात. त्याआधी चेहरा लाल होतो, चुरचुरतो. बरेच जण नेमके तिथेच कंटाळून सोडून देतात. दिवसा सनस्क्रीन हवंच, गरोदरपणात हे औषध नको, आणि डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय तर नकोच.

[दृश्य: दगडी भिंत, मग आकाशातून तुरुंग]

फिलाडेल्फिया, टॉरेसडेल अ‍ॅव्हेन्यू. हा होम्सबर्गचा तुरुंग. वरून पाहिलं की बैलगाडीचं चाक आठवतं: मधे तुंबा, भोवती आऱ्यांसारख्या बराकी. 1951 मध्ये पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाचे त्वचारोगतज्ज्ञ अल्बर्ट क्लिगमन इथे आले, ते कैद्यांच्या पायांना झालेल्या बुरशीवर सल्ला द्यायला. आत शिरल्यावर काय वाटलं, हे त्यांनीच पुढे 1966 मध्ये एका वार्ताहराला सांगितलं: समोर दिसली ती एकरच्या एकर त्वचा, सुपीक शेत पहिल्यांदा पाहणाऱ्या शेतकऱ्यासारखं वाटलं.

[दृश्य: जुनं छायाचित्र. कैद्याची पाठ. कॅमेरा हळूहळू जवळ]

या पाठीवरचे चौकोन नीट पाहा. प्रत्येक पट्टीखाली वेगळं द्रव्य. सौंदर्यप्रसाधनं, औषधं, डायॉक्सिनसारखं जहाल विषसुद्धा. बदल्यात थोडेसे डॉलर. यातले बरेचसे कच्चे कैदी होते. जामिनाला पैसे नव्हते, म्हणून आत. बहुतेक कृष्णवर्णीय. अंगाला काय चोळलं जातंय, हे कित्येकांना कुणी सांगितलंच नाही. त्यांची संमती होती असं म्हणतात. आम्ही तिला संमती म्हणणार नाही.

ट्रेटिनॉइनच्या चाचण्याही याच भिंतीआड झाल्या. 1971 मध्ये अमेरिकेत ते मुरुमांसाठी मंजूर झालं. मुरुमांसाठी ते लावणाऱ्या प्रौढ स्त्रियांच्या सुरकुत्याही पुसट होताहेत, हे क्लिगमन यांच्या लक्षात आलं. 1988 मध्ये मिशिगन विद्यापीठातला, 30 जणांवरचा 16 आठवड्यांचा प्रयोग प्रसिद्ध झाला. एका हाताला औषध, दुसऱ्याला नुसतं क्रीम. औषधाच्या हातावरची त्वचा सुधारली. ही बातमी पसरली आणि अमेरिकेतल्या दुकानांमधल्या ट्यूब हातोहात संपल्या. शोधाच्या हक्कांवरून पेनसिल्व्हेनिया विद्यापीठ आणि क्लिगमन कोर्टात गेले, तडजोडही झाली. 1995 च्या डिसेंबरात खास उन्हानं खराब झालेल्या त्वचेसाठी ‘रेनोव्हा’ या ट्रेटिनॉइनच्याच क्रीमला परवानगी मिळाली. त्याच वर्षी होम्सबर्ग बंद झाला.

[दृश्य: कोर्टाच्या पायऱ्या]

2000 मध्ये सुमारे 300 माजी कैद्यांनी दावा लावला, तो मुदत उलटल्याच्या कारणावर फेटाळला गेला. क्लिगमन 2010 मध्ये वारले. विद्यापीठानं 2021 मध्ये माफी मागितली, शहरानं 2022 मध्ये.

[दृश्य: पुन्हा ती पाठ. मग ट्यूब, लेबल जवळून]

ट्रेटिनॉइन, 0.05 टक्के. फक्त बाहेरून लावण्यासाठी. डोळ्यांपासून दूर ठेवा.

[निवेदन नाही. पाठीचं छायाचित्र, 20 सेकंद.]