दोन मीटरचं धनुष्य आणि त्याच्याभोवतीची हवा

श्रोतेहो, नमस्कार.

एकदा माझ्या दारात कुरिअरवाला उभा राहिला. खांद्यावर त्याच्याहून लांब असा पाइप. "पडद्याची दांडी मागवलीत का?" त्याने विचारलं. मी म्हटलं, "नाही हो, धनुष्य आहे." त्याला वाटलं मी थट्टा करतोय. सही झाली, पाइप आडवा करून घरात घेतला आणि बघतो तर एका टोकाचं झाकण फोडून आतलं शिंग बोटभर बाहेर डोकावत होतं.

ते होतं लॉंगबो, म्हणजे माणसाएवढं लांब, साधं लाकडी धनुष्य. त्याच्या दोन्ही टोकांना, दोरी अडकवायच्या जागी, शिंगाचे छोटे खाचदार टोप बसवलेले असतात. त्यातला एक तडकला होता. धनुष्याला बबल रॅपच्या चार घड्या मारलेल्या होत्या, बाजूंनी कुठे धक्का लागला नव्हता. पण पाइपाच्या आत ते वरखाली सरकायला मोकळं होतं. प्रवासात जितक्या वेळा कुणी पाइप उभा आपटला, तितक्या वेळा त्या लाकडाने आतून झाकणावर मुसळासारखा घाव घातला. कारागीर भला होता, म्हणाला, परत पाठवा, फुकट दुरुस्त करून देतो. पण जाण्या-येण्याच्या भाड्यात शिंगाचे दहा टोप आले असते! शेवटी कानस घेतली, सुपरग्लू घेतला आणि मीच ते बसवलं.

हाताने घडवलेलं धनुष्य परदेशातून मागवायचं म्हटलं, की बहुतेक जण आधी लाकडाचं विचारतात. यू आहे का, ॲश आहे का, हिकरी की एल्म? मी आता आधी पाइपाचं विचारतो. कारण या व्यवहारात चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला व्हायला वेळ लागत नाही, आणि हा मसाला जातो तो धनुष्याच्या लांबीपायी.

लॉंगबो लांब का असतं? एका सलग लाकडाचं धनुष्य कानापर्यंत ओढायचं, तर तो बाक जितक्या जास्त लांबीवर वाटला जाईल तितका लाकडावरचा ताण कमी. आखूड केलं तर पोटाकडचे, म्हणजे तिरंदाजाकडच्या बाजूचे तंतू चेपतात, नाहीतर पाठीकडचे, म्हणजे समोरच्या बाजूचे फाटतात. 1545 साली इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्याजवळ 'मेरी रोझ' नावाची युद्धनौका बुडाली. तिच्या उत्खननात 137 सबंध धनुष्यं मिळाली, पेट्यांमध्ये रचून ठेवलेलीही. त्यांची लांबी साधारण 1.87 ते 2.11 मीटर. आज खेळासाठी करतात ती धनुष्यं इतकी दांडगी नसतात, तरी 1.8 ते 1.9 मीटर हे नेहमीचं माप. जागतिक तिरंदाजी संघटनेच्या नियमातही लॉंगबोला किमान लांबी आहे : पुरुषांसाठी दोरी चढवलेल्या स्थितीत 160 सेंटिमीटर. म्हणजे भाडं वाचवायला "जरा छोटं करून द्या" असं कारागिराला सांगायची सोय नाही.

आता हिशेब बघू. धनुष्याचं वजन किती? सहाशे-सातशे ग्रॅम. वजनावर भाडं लागलं असतं तर प्रश्नच नव्हता. पण विमानात वजनाआधी जागा संपते, म्हणून कुरिअर कंपन्या 'व्हॉल्यूमेट्रिक' वजन काढतात, म्हणजे पार्सल किती जागा खातं त्यावरून ठरवलेलं वजन. लांबी, रुंदी, उंची सेंटिमीटरमध्ये घ्यायची, तिन्हींचा गुणाकार करायचा आणि बहुतेक ठिकाणी 5000 ने भागायचं. हा आकडा आणि काट्यावरचं वजन यातलं जे जास्त, त्यावर भाडं.

कागद-पेन्सिल असेल तर घ्या. धनुष्य 190 सेंटिमीटरच्या खोक्यात घातलं आणि खोकं 15 बाय 15 चं असलं, तर उत्तर येतं 8.55 किलो. सातशे ग्रॅमच्या लाकडासाठी साडेआठ किलोचं भाडं! बाकी सगळी हवा. तेच खोकं 10 बाय 10 केलं की 3.8 किलो. 8 बाय 8 केलं की 2.43. रुंदी-उंची दोन्ही कमी होतात, म्हणून दोन बोटं जागा वाचवली तरी फरक केवढा पडतो बघा. लांबी मात्र हलत नाही. पाइप गोल असला तरी हिशेब चौकोनीच धरतात, कोपऱ्यातली रिकामी जागाही तुमच्याच खात्यावर.

मग अगदी बारीक पाइप घ्यावा का? तिथेही एक मेख आहे. जाड प्लॅस्टिकचा पाइप स्वतःच दीड-दोन किलोचा भरतो, म्हणजे काट्यावरचं वजन वाढतं. शिवाय गोल वस्तू पट्ट्यावरून घरंगळते, आणि वरून पुठ्ठा नसलेल्या नळीला काही कंपन्या जादा आकार लावतात. मला विचाराल तर जाड पुठ्ठ्याची तीन कोनांची नळी उत्तम. हलकी असते, घरंगळत नाही. आत धनुष्याला मधोमध आणि दोन्ही टोकांना फोमचे घट्ट गोळे हवेत. हलवून बघितल्यावर आवाज आला नाही पाहिजे. माझ्या पार्सलात नेमकं हेच राहिलं होतं.

जागेच्या भाड्यावर आणखी लांबीचा दंड असतो. एखादी बाजू 48 इंचांच्या, म्हणजे सुमारे 122 सेंटिमीटरच्या वर गेली, की मोठ्या कुरिअर कंपन्या हाताळणीचा जादा आकार लावतात. टपालाने पाठवावं तर बऱ्याच देशांच्या टपालखात्यांत पार्सलची लांबी दीड मीटरच्या वर चालत नाही. आपलं धनुष्य नेमकं तिथेच अडतं. दोन भागांत सुटणारं धनुष्य हा त्यावरचा एक मार्ग. मुठीपाशी धातूची किंवा फायबरची बाही असते, दोन तुकडे त्यात बसतात आणि पार्सल मीटरभरात मावतं. काही जुन्या वळणाच्या तिरंदाजांना असा जोड म्हणजे बाटवाबाटवी वाटते. मला नाही वाटत. तुम्ही ज्या स्पर्धेत उतरणार तिचे नियम तेवढे आधी वाचून घ्या.

दुसरा मार्ग मला जास्त आवडतो. मैत्री करा! 10 बाय 10 च्या नळीत एकाऐवजी तीन धनुष्यं मावतात आणि जागेचं वजन तेच 3.8 किलो राहतं. तिघांनी मिळून मागवलं तर भाडं तिघांत वाटलं जातं. फक्त एक बघा : काही देशांत ठरावीक किमतीखालच्या पार्सलला जकात माफ असते, आणि तिघांची किंमत एकत्र झाली की ती मर्यादा ओलांडली जाते. एकीकडे वाचवलेलं दुसरीकडे जाऊ नये.

धनुष्याच्या लाकडाने समुद्र ओलांडणं तसं नवं नाही. इंग्लंडच्या प्रसिद्ध लॉंगबोंचं बरंचसं लाकूड इंग्लंडचं नव्हतंच. तिथल्या ओलसर हवेत यू भराभर वाढतो, गाठाळ होतो. डोंगराळ, थंड मुलखात तो सावकाश वाढतो, वर्षावळ्या दाट बसतात आणि धनुष्याला तसं लाकूड चांगलं. म्हणून स्पेन, इटली आणि मध्य युरोपातून न घडवलेल्या काठ्या यायच्या. त्यांचा तुटवडा इतका झाला की 1472 साली इंग्लंडने कायदाच केला : ज्या मुलखांतून या काठ्या येतात तिथून माल आणणाऱ्या जहाजाने दर टन मालामागे चार काठ्या आणल्याच पाहिजेत. 1484 मध्ये तर माल्मसी नावाच्या गोड दारूच्या दर पिंपामागे दहा चांगल्या काठ्यांची सक्ती झाली. पिंपांसोबत धनुष्याच्या काठ्या! मालाच्या भाड्यात लाकूड आलंच पाहिजे अशी ती युक्ती. आजचा तिरंदाज भाड्याचं बिल बघताना त्या व्यापाऱ्यांचा हेवा करील, की तेही असेच कपाळाला हात लावत असतील, सांगवत नाही.

आता कस्टम. हे थोडक्यात सांगतो, कारण नियम देशोदेशी वेगळे. धनुष्य खेळाच्या साहित्यात मोडतं. जगभर वापरल्या जाणाऱ्या मालाच्या वर्गवारीत 9506 हा त्याचा गट. कारागिराने कागदावर "लाकडी धनुष्य, तिरंदाजीचं क्रीडासाहित्य" असं स्वच्छ लिहावं आणि हा क्रमांक टाकावा. नुसतं "बो" लिहिलं, की फितीच्या फुलापासून व्हायोलिनच्या गजापर्यंत काहीही समजू शकतं. बऱ्याच देशांत जकात नुसत्या वस्तूच्या किमतीवर बसत नाही, भाडं आणि विमा धरून बसते. म्हणजे हवेच्या भाड्यावरही कर भरायचा! वर कुरिअर कंपनी कागदपत्रांची फी घेते ती वेगळीच. म्हणून कारागिराला आधी विचारा, ही रक्कम तुम्ही भरणार की दारात मी?

लाकडाचीही चौकशी करा. युरोपातल्या यूवर आंतरराष्ट्रीय व्यापाराचं बंधन नाही, पण हिमालयातला यू 'साइट्स' या दुर्मिळ प्राणी-वनस्पतींच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या दुसऱ्या परिशिष्टात, म्हणजे परवाना लागणाऱ्या यादीत आहे. मुठीला शोभेसाठी लावतात ते रोझवुडही, म्हणजे शिसवाच्या कुळातलं लाकूड, 2017 पासून त्याच परिशिष्टात; 2019 च्या अखेरीपासून तयार वस्तूतल्या थोड्या लाकडाला सूट आहे, तरी चौकशी केलेली बरी. बोटभर शिसवाच्या पट्टीपायी आख्खं धनुष्य गोदामात अडकू नये. मुठीला साधं चामडं काय वाईट?

"किंमत कमी लिहा, भेट म्हणून पाठवा," अशी गळ कारागिराला घालणारे पुष्कळ. तो खोटेपणा तर आहेच, शिवाय पार्सल मोडलं तर भरपाई कागदावरच्या किमतीचीच. त्यातही वेगळा विमा नसेल तर आणखी गंमत. विमानाने जाणाऱ्या मालाची भरपाई मॉंट्रियल करारानुसार किलोवर ठरते. डिसेंबर 2024 पासून ती मर्यादा किलोमागे 26 एसडीआर, म्हणजे आंतरराष्ट्रीय नाणेनिधीचं हिशेबाचं एकक. दोन किलोच्या पार्सलला जास्तीत जास्त 52. भाडं घेताना जागा मोजायची आणि भरपाई देताना वजन! विमा वेगळा घ्या, आणि लांब लाकडी वस्तू त्यातून वगळलेली नाही ना, तेवढं वाचा.

हे सगळं जमलं तरी धनुष्य तुमच्या मापाचं हवं, नाहीतर परत पाठवायचं भाडं पुन्हा तेवढंच. धनुष्याची ताकद पाउंडांत सांगतात, आणि ती बहुधा 28 इंच ओढल्यावरची असते. तुमचा हात 26 इंचांतच थांबत असेल तर 45 पाउंडांचं धनुष्य तुमच्या हातात साधारण 40 चं होतं, कारण इंचामागे दोन-तीन पाउंडांचा फरक पडतो. उलटं जास्त धोक्याचं : 28 साठी घडवलेलं धनुष्य 30 पर्यंत ओढलं तर ते कधीतरी मोडणार. हलक्या धनुष्यावर बाण लावून कुणाला तरी मोजायला सांगा आणि आकडा कारागिराला कळवा. उंचीवरून अंदाज बांधू नका.

पार्सल आलं की लगेच दोरी चढवायचा मोह होतो. थांबा. विमानाच्या पोटात गारठून, गोदामात तापून ते लाकूड आलेलं असतं. खोलीत आडवं ठेवून दोन-चार दिवस राहू द्या, उन्हापासून आणि हीटरपासून लांब. मग उजेडात धनुष्याच्या पाठीवरून नख फिरवा. केसाएवढी चीर डोळ्याला दिसत नाही, पण नखाला अडते. दोरी चढवली की पहिल्यांदा अर्धंच ओढा. वीसेक वेळा तसं केल्यावर एकेक इंच वाढवत जा. बाणाशिवाय दोरी सोडून बघायची नाही, एकदाही नाही. बाणात जायचा सगळा जोर तेव्हा लाकडात परत शिरतो.

आणि तो पाइप किंवा नळी अडगळ म्हणून फेकू नका. महिन्या-दोन महिन्यांनी खालची बाजू वरच्यापेक्षा जास्त वाकतेय असं दिसलं, तर धनुष्य तासून सारखं करायला कारागिराकडे जाणार ते त्याच नळीतून. माझी माळ्यावर आहे, झाकणावर त्या शिंगाचं भोक अजून तसंच. आता त्या टोकाला आतून फोमचे दोन गोळे बसवलेत.