वॉट किती, हे शेवटी विचारा

मंडळी, मागे बसलेल्यांना ऐकू येतंय ना? बरं, मग थेट मुद्द्यावर येतो. मला सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न म्हणजे "स्पीकर घेतलेत, आता अँप, म्हणजे अँप्लिफायर, किती वॉटचा घेऊ?" प्रश्न चुकीचा नाहीये, पण त्याआधी स्पीकर किती सेन्सिटिव्ह आहे, म्हणजे थोड्या पॉवरमध्ये किती मोठा वाजतो, तुम्ही किती लांब बसता आणि किती मोठ्याने ऐकता हे कळल्याशिवाय त्याला उत्तरच नाही.

स्पीकरच्या कागदावर लिहिलेलं असतं, ८७ डीबी, २.८३ व्होल्ट, १ मीटर, म्हणजे तेवढे व्होल्ट दिले की एक मीटरवर ८७ डेसिबल आवाज. ८ ओमच्या स्पीकरला २.८३ व्होल्ट दिले की बरोबर १ वॉट होतो. ४ ओमचा असेल तर तेवढ्याच व्होल्टला २ वॉट जातात, म्हणजे तिथे ३ डीबी मनातल्या मनात वजा करायचे. आता तुम्ही अडीच-तीन मीटरवर बसलात, अंतरामुळे थोडं कमी झालं, दुसऱ्या स्पीकरमुळे थोडं वाढलं, भिंतींनी थोडं परत दिलं, तर खुर्चीपाशी साधारण ८२ डीबी धरा. घरात आपण आरामात ऐकतो ते ७५ च्या आसपास. म्हणजे अँप किती देतोय? ०.२ वॉट. हो, पाव वॉटसुद्धा नाही!

मग मोठे अँप कशाला? तर गाण्यात एकदम येणारे ठोके. चांगल्या रेकॉर्डिंगमध्ये सरासरीपेक्षा २० डीबी वर जाणारे पीक, म्हणजे आवाजाची क्षणभराची टोकं, असतात आणि २० डीबी म्हणजे १०० पट पॉवर. ०.२ चे झाले २० वॉट. आता तुम्ही मूड आला म्हणून आवाज १० डीबीने वाढवला, कानाला तो साधारण दुप्पट वाटतो, पण अँपकडे मागणी दहापट, म्हणजे सरासरी २ वॉट आणि पीकला २००. त्यामुळे १० वॉटमध्ये खूश असलेला माणूसही खरं बोलतो आणि २०० वॉटवालाही, दोघांचे स्पीकर आणि सवयी वेगळ्या एवढंच. बीबीसीने आऊटसाईड ब्रॉडकास्टच्या, म्हणजे स्टुडिओबाहेरून प्रसारण करणाऱ्या, गाड्यांसाठी बनवलेला छोटा स्पीकर एलएस ३/५ए साधारण ८२-८३ डीबीचा, आणि अमेरिकन डिझायनर पॉल क्लिप्शचा १९४६ चा मोठा स्पीकर क्लिप्शहॉर्न शंभरच्या वर. ३००बी नावाच्या व्हॅक्यूम ट्यूबवर चालणारा ८ वॉटचा अँप दुसऱ्यावर घर दणाणून सोडेल, पहिल्यावर मात्र बिचारा धापा टाकेल. त्यात ५० वरून ६० वॉटवर जाण्यासाठी लोक जीव टाकतात, तो फरक १ डीबीसुद्धा नाहीये हो!

दुसरी गोष्ट इम्पीडन्स, म्हणजे स्पीकरचा करंटला होणारा, ओममध्ये मोजला जाणारा विरोध, आणि इथे मी स्वतः ठेच खाल्लीये. दोन वूफरचे, म्हणजे बास वाजवणाऱ्या मोठ्या कोनांचे, उंच फ्लोअरस्टँडर स्पीकर घेतले, कागदावर ८ ओम, घरात आधीचाच छोटा इंटिग्रेटेड अँप होता तोच लावला. हळू आवाजात सगळं छान, पण डग्ग्यावर जरा जोरात घुमारा आला की खट्‌ आवाज होऊन अँप प्रोटेक्टमध्ये, म्हणजे स्वतःला वाचवायला बंद. महिनाभर मी वायरीच बदलत बसलो. शेवटी त्या स्पीकरचा मोजलेला ग्राफ बघितला तर खालच्या बासला इम्पीडन्स ३ ओमच्या आसपास उतरत होता. ८ ओम हे नुसतं नाव असतं हो, फ्रिक्वेन्सी बदलली की आकडा वरखाली होतो. म्हणून अँपच्या कागदावर ४ ओमचा आकडा आहे का ते आधी बघा. ८ ला ८० आणि ४ ला १४०-१५० देत असेल तर पॉवर सप्लाय दमदार आहे. ४ चा उल्लेखच नसेल तर अशा स्पीकरपासून तो अँप लांबच बरा. आणि दम नसलेला अँप फुल ठेवून पिळत बसू नका, क्लिप झाला की लाटेची टोकं कापली जातात, वरच्या फ्रिक्वेन्सीचा वाटा वाढतो आणि पहिला बळी ट्वीटरचा, म्हणजे बारीक आवाज वाजवणाऱ्या छोट्या युनिटचा, जातो.

डँपिंग फॅक्टर, म्हणजे स्पीकरचा इम्पीडन्स अँपच्या स्वतःच्या आऊटपुट इम्पीडन्सच्या किती पट, तो ५०० की १००० यावर वाद घालणाऱ्यांना एवढंच सांगेन की ८ ओमच्या वूफरच्या कॉईलचाच रेझिस्टन्स ५-६ ओम असतो आणि तो मध्ये बसलेलाच आहे, त्यापुढे हा फरक काहीच नाही. ट्यूब अँपची गोष्ट वेगळी, त्याचा आऊटपुट इम्पीडन्स कधी १-२ ओम असतो, मग स्पीकरच्या इम्पीडन्सप्रमाणे आवाजाचा तोल खरंच बदलतो, कुणाला तो आवडतोही. वायर? पाच मीटरपर्यंत २.५ स्क्वेअर एमएम तांब्याची घ्या आणि विषय सोडा.

खोली मात्र सोडू नका. ४ मीटर लांब खोलीत ४३ हर्ट्झला बास उभा राहतो, म्हणजे लाट दोन भिंतींत अडकून जागच्या जागी घुमते, भिंतीपाशी बसलात तर धबधबा, मधोमध बसलात तर गायब. अँप बदलून तो जात नाही. खुर्ची फूटभर पुढे घेऊन बघा, मग स्पीकर भिंतीपासून सरकवा, एक अख्खा रविवार यात घालवा.

आणि दोन अँपची तुलना करायची तर आवाज आधी सारखा करा, कानाने नाही, टेस्ट टोन लावून स्पीकरच्या टर्मिनलवर मल्टीमीटरने व्होल्टेज मोजून. अर्धा डीबी जास्त असलेला अँप आपल्याला मोठा वाटत नाही, "जास्त मोकळा" वाटतो, आणि आपण तोच उचलून घरी आणतो.