चौथा शब्द

पडद्यावर तुम्हाला फक्त हात दिसतील. चेहरा नको, हे ताईंनी पहिल्याच दिवशी बजावलं होतं.

एचआयव्हीमुळे मेंदूचं काम मंदावलंय का, हे चाचपणारी ही छोटी चाचणी. डावा हात पुढे. अंगठ्याला तर्जनी टेकवायची, बोटं पुरती फाकवायची, पुन्हा टेकवायची. भराभर. 5 सेकंदांत 15 वेळा जमलं, तर पूर्ण 4 गुण. ताई 12 वर थांबतात. मग मूठ, पालथा पंजा, उभा पंजा. पुन्हा मूठ. ओठ हलताहेत, स्वतःलाच क्रम सांगत असाव्यात.

सुरुवातीला त्यांना चार शब्द दिले होते. आता ते आठवायचे.

"कुत्रा... टोपी... घेवडा..."

पुढे काही येईना.

"एक रंग होता बघा," काउन्सिलर म्हणतात.

"लाल! अगं बाई, लालच की."

सुचवल्यावर आठवलं, म्हणून अर्धा गुण. एकूण 12 पैकी साडेनऊ. 10 किंवा त्याखाली आलं की पुढची तपासणी करायची. कागद-पेन्सिल नाही, लिहिता-वाचता यायची अट नाही. अमेरिका आणि युगांडातल्या रुग्णांवर पारखलेली ही चाचणी 2005 साली पुढे आली. निदान मात्र एवढ्यावर होत नाही. झोप नसेल, मन खचलेलं असेल, थायरॉइड किंवा बी-12 बिघडलं असेल, तरी माणूस असाच अडखळतो.

'लाल' डोक्यात होताच, पण हाताशी यायला वेळ लागला. एचआयव्हीत बऱ्याचदा असंच होतं. लागण झाल्यावर काही आठवड्यांतच विषाणू पांढऱ्या पेशींबरोबर मेंदूत शिरतो. चेतापेशींना तो थेट धरत नाही. त्यांच्या शेजारच्या राखणदार पेशींत ठाण मांडतो. तिथली धग मात्र चेतापेशींना लागते. एआरटीमुळे, म्हणजे एचआयव्हीला दाबून ठेवणाऱ्या रोजच्या गोळ्यांमुळे, पूर्वीसारखा गंभीर स्मृतिभ्रंश आता क्वचितच दिसतो. पण गोळ्या सुरू होण्याआधी ज्यांचा सीडी-फोर, म्हणजे रोगाशी लढणाऱ्या पेशींचा आकडा, फार खाली गेला होता, त्यांच्यात हा मंदपणा जास्त आढळतो. आपल्याकडे सरकारी एआरटी मोफत मिळू लागली ती एप्रिल 2004 मध्ये. ताईंचं दुखणं त्याच्या आधीचं.

ताई शिवणकाम करतात. पूर्वी दहा बायकांची मापं तोंडपाठ असायची. आता अंगावर माप घेतलं की तिथेच चिठ्ठी लिहितात आणि टाचणीने कापडालाच टोचून ठेवतात.

रात्री 9 ला मोबाइल वाजतो. गोळीची वेळ. ताई मशीन थांबवतात, पाणी घेतात.

"ही एक कधी चुकली नाही हं," हातांमागून आवाज येतो. "ब्लाउजची बाही चुकते."