आधी डावीकडे बघ

[पडद्यावर: जुनी दोनशे पानी वही, कव्हर फाटलेलं, कडा काळ्या पडलेल्या]

ही वही माझी नाही. आता माझ्या कपाटात असते, पण ती कुणा एकाची कधी नव्हतीच. ठाण्यात, नौपाड्यात, गोखले रोडच्या आतल्या एका गल्लीत सायबर कॅफे होता, आठ पीसी, त्यातला एक कायम बंद, तासाला २० रुपये. २००४-०५ ची गोष्ट. कॅफेवाल्या काकांनी ही वही आणली होती कोण किती वाजता बसलं ते लिहायला, पण पोरांनी मागच्या पानापासून गेमचं लिहायला सुरुवात केली आणि वर्षभरात मागचं लिखाण पुढच्या हिशोबाला येऊन टेकलं, मग काकांनी दुसरी वही आणली आणि ही आम्हाला देऊन टाकली.

यात काय काय आहे बघा. व्हाइस सिटी या गेमचे चीट कोड, म्हणजे खेळ सोपा करणारे गुप्त शब्द, पॅन्झर टाइप केलं की समोर रणगाडा, लीव्ह मी अलोन टाइप केलं की पोलीस पाठ सोडतात. कॉन्ट्रा गेमचा तो जास्तीचे जीव देणारा कोड पण आहे, वर वर खाली खाली, तो तर प्रत्येकाला घरच्या टीव्ही गेममुळे तोंडपाठ होता तरी कुणीतरी लिहिलाय. तो मुळात कोनामी या गेम कंपनीतल्या काझुहिसा हाशिमोतो नावाच्या प्रोग्रामरचा. १९८६ मध्ये ग्रेडियस हा गेम घरच्या मशीनवर आणताना टेस्टिंगला त्याला स्वतःलाच तो गेम झेपेना, म्हणून त्याने कोड टाकला आणि तो आतच राहून गेला. ज्याने बनवला त्यालाच मदत लागली, हे मला फार जवळचं वाटतं.

मग मदत घेऊन संपवलेला गेम आपण खेळलो असं म्हणायचं का?

आपल्याला हा प्रश्न जरा जास्तच टोचतो असं मला वाटतं, कारण आपल्याला गाईड हा शब्द गेममुळे नाही, शाळेमुळे माहीत आहे. नवनीतचं गाईड, एकवीस अपेक्षित. धडा उघडायच्या आधी खालची उत्तरं पाठ. त्यामुळे गेममध्ये गाईड बघितलं की कॉपी करताना पकडल्यासारखं होतं, आणि ज्याने न बघता संपवला तो कॉलर ताठ करून फिरतो. माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो, सगळं गाईड कधी उघडलं त्यावर आहे. प्रश्न पडायच्या आधी उघडलं तर गेम मेला. भरपूर डोकं आपटून झाल्यावर उघडलं तर तोच गेम जास्त आवडायला लागतो, हे माझ्या बाबतीत कितीतरी वेळा झालंय.

[पडद्यावर: उपवन तलाव, सकाळ, मागे येऊरचे डोंगर]

सहावीत असताना एकदा घरी न सांगता सायकल काढली आणि पोखरण रोड नंबर एकने नुसता सरळ जात राहिलो, वर्तकनगर मागे गेलं, दम लागला, परत फिरावं असं वाटत होतं आणि रस्ता संपतो तिथे एकदम पाणी. ठाणे तलावांचं शहर आहे हे माहीत होतं, मासुंदा तर रोजचा, तलावपाळीला चक्कर मारल्याशिवाय रविवार होत नसे. पण उपवन मला कुणी नेऊन दाखवलं नव्हतं. आज तिथे कितीही गर्दी असली तरी मला ते माझंच तळं वाटतं.

निन्टेन्डो या जपानी कंपनीत गेम बनवणारे शिगेरू मियामोतो, त्यांच्या बाबतीत पण असंच झालेलं. ते क्योटोजवळच्या सोनोबेमध्ये वाढले, लहानपणी डोंगरात भटकताना अचानक समोर तळं आलं आणि ते थक्क झाले, हे त्यांनी स्वतः सांगितलंय. नकाशा नसताना काहीतरी सापडतं तेव्हा जे वाटतं, ते त्यांनी १९८६ च्या झेल्डा या गेममध्ये भरलं. आता त्या गेमचं गाईड आधीच वाचलं तर तुम्हाला तळं दिसेल, नाही असं नाही, पण छातीत जे धस्स होतं ते होणार नाही, आणि सगळा गेम त्या धस्ससाठीच तर बनवलाय.

पण हे एवढ्यावर संपत नाही. कारण काही गेम असे आहेत की एकट्या माणसाला ते सुटूच शकत नाहीत.

१९८४ मध्ये जपानमध्ये नामको कंपनीचा टॉवर ऑफ ड्रुआगा हा गेम आला. साठ मजले, जवळजवळ प्रत्येक मजल्यावर एक लपलेली पेटी, आणि ती पेटी कशी बाहेर काढायची ते गेम कुठेच सांगत नाही. एखाद्या मजल्यावर राक्षस ठराविक क्रमानेच मारायचे, दुसऱ्या मजल्यावर भलतंच काहीतरी करायचं. आणि त्यातल्या काही वस्तू हातात नसल्या तर शेवट गाठताच येत नाही. मग तिथल्या आर्केडमध्ये, म्हणजे नाणी टाकून गेम खेळायच्या दुकानांत, लोकांनी काय केलं? वह्या ठेवल्या. ज्याला जे सापडलं ते त्याने लिहायचं, पुढचा येईल तो वाचेल. मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा उठून कपाटातून ही वही काढली आणि बराच वेळ मांडीवर घेऊन बसलो.

[पडद्यावर: वहीची पानं, वेगवेगळी अक्षरं]

अमेरिकेत हे काम कंपन्यांनी केलं. निन्टेन्डोने अडकलेल्या पोरांसाठी फोनवर माणसं बसवली, १९८८ मध्ये निन्टेन्डो पॉवर मासिक काढलं, पुढे जाड जाड छापील गाईड आली. मला त्यातलं सगळ्यात आवडतं ते इन्फोकॉमचं. १९८० च्या दशकात ही कंपनी नुसत्या मजकुरावर चालणारे गेम करायची, आणि त्यांच्या मदतीच्या पुस्तिकेत उत्तरं अदृश्य शाईत छापलेली असायची. सोबत एक खास पेन मिळायचं. ते फिरवलं की पहिली ओळ दिसायची, नुसता इशारा, तेवढ्याने नाही जमलं तर दुसरी ओळ घासा, मग तिसरी, शेवटी पूर्ण उत्तर. आणि कळस म्हणजे मध्ये मध्ये मुद्दाम खोटे प्रश्न टाकलेले, गेममध्ये नसलेल्या गोष्टींचे, म्हणजे नुसते प्रश्न वाचून पुढे काय येणार ते कुणाला कळू नये. खेळणाऱ्याची किती काळजी केलीये बघा.

आमच्या वहीत असं एक पान आहे. प्रिन्स ऑफ पर्शिया, सॅन्ड्स ऑफ टाइम. मी एका मोठ्या दालनात अडकलो होतो, वर जायचा रस्ताच दिसेना, तीन दिवस रोज एक तास, म्हणजे ६० रुपये गेले, तेव्हा ६० रुपये म्हणजे काय ते ज्याचे गेले त्यालाच माहीत. शेवटी वही मागितली. त्या दालनाचं नाव लिहिलेलं आणि खाली निळ्या शाईत एवढंच, "पुढचं सांगत नाही. आधी डावीकडे बघ."

चिडलो. मग कॅमेरा डावीकडे फिरवला, आणि भिंतीत ती चिंचोळी कड होती, तीन दिवस तिथेच होती. त्या दिवशी ओरडलो ते काकांनी बाहेर येऊन बघितलं. ते अक्षर कुणाचं ते मला आजपर्यंत कळलेलं नाही, सगळ्यांना विचारून झालं.

काही गेम तर खेळणाऱ्याला फसवतातच, तिथे गाईड बघायला मला जराही लाज वाटत नाही. फायनल फॅन्टसी १२ मध्ये, २००६ चा गेम, झोडिॲक स्पिअर नावाचा भारी भाला हमखास हवा असेल तर चार ठराविक पेट्या उघडायच्याच नसतात, त्यातली एक अगदी सुरुवातीच्या शहरात. हे गेम सांगत नाही. पेटी दिसली की उघडायची हे आपल्याला गेमनेच शिकवलेलं असतं. एल्डन रिंग हा गेम २०२२ च्या फेब्रुवारीत आला आणि त्यातली माणसं एकदा भेटून पुढे कुठे गायब होतात ते लोकांना कळेना, तर तीनच आठवड्यांत अपडेट देऊन त्यांची नावं नकाशावर दिसायची सोय करावी लागली.

कुणी म्हणेल, आधी कळलं म्हणून मजा जातेच असं नाही. खरंय, गोष्टीच्या बाबतीत तरी. सॅन डिएगोच्या कॅलिफोर्निया विद्यापीठातल्या लेव्हिट आणि क्रिस्टनफेल्ड या दोघांनी २०११ मध्ये बारा लघुकथा घेऊन बघितलं, तर शेवट आधी कळलेल्या वाचकांना कथा उलट थोड्या जास्तच आवडल्या. पण कथेत कड शोधायला मला उभं केलेलं नसतं. गेममध्ये शोधणारा मी असतो.

[पडद्यावर: घणसोली, संध्याकाळ, बिल्डिंगच्या खिडक्या]

माझा भाचा घणसोलीला राहतो, अकरा वर्षांचा. ब्रेथ ऑफ द वाइल्ड खेळतो, झेल्डाच्याच मालिकेतला गेम. समोर पाण्याच्या बाटलीला फोन टेकवलेला, त्यावर व्हिडिओ चालू, व्हिडिओ थांबव, तेवढंच कर, पुन्हा चालू कर. मी विचारलं, "मजा येते का रे?" तर म्हणाला, "मामा, नाहीतर वेळ जातो ना."

मी बोलणार होतो, पण गप्प बसलो. त्याला शाळा, क्लास, स्विमिंग धरून दिवसाला एक तास मिळतो. आमचा तास २० रुपयांचा होता, त्याचा कदाचित जास्तच महाग आहे. आणि व्हिडिओ "आधी डावीकडे बघ" एवढं बोलून थांबत नाही, तो सगळं करूनच दाखवतो, ह्यात त्या पोराची काय चूक.

मग आम्ही ठरवलं की अडकला की दहा मिनिटं स्वतः बघायचं, मग मला फोन. मी फक्त हो किंवा नाही म्हणणार. पहिले दोन दिवस वैतागला, ताईचा मला फोन, काय लावलंय रे तुम्ही दोघांनी.

गेल्या रविवारी रात्री साडेनऊला त्याचा फोन आला.

"मामा, ते वेली आहेत ना, ते जळतात का?"

"हो."

मग नुसता बटणांचा आवाज. मला माहीत होतं पुढे काय आहे, तोंडावर आलं होतं, म्हटलं, "अरे आणि त्याच्या मागे..."

"थांब थांब थांब! सांगू नकोस!"