परदेशी चोरट्या संकेतस्थळांवर बंदी: कोणाच्या आदेशाने?

श्रोतेहो, नमस्कार. नवा मराठी चित्रपट शुक्रवारी सोलापुरात लागतो आणि रविवार उजाडण्याआधी त्याची चोरटी प्रत अनेकदा मोबाईलवरून फिरू लागते. दुसरीकडे विणलेली चादर सोलापूरच्या नावाने विकली गेली, तर येथील विणकराच्या पोटावर पाय येतो, हे आपल्याला कोणी समजावून सांगावे लागत नाही. संकलक, ध्वनिमुद्रक आणि प्रकाशयोजनेवर राबणारे कामगार यांच्या बाबतीतही तेच घडते.

१९५७ च्या कॉपीराइट कायद्यात या गुन्ह्यासाठी तीन वर्षांपर्यंत कैदेची तरतूद आहे. परंतु संकेतस्थळाचा मालक आणि सर्व्हर दोन्ही परदेशात असतील, तर पोलिसांनी पकडायचे कोणाला? म्हणून इंटरनेट पुरवणाऱ्या कंपन्यांनीच ते संकेतस्थळ आपल्या ग्राहकांसाठी बंद करावे, असा उपाय पुढे आला. अमेरिकेत २०११ साली असाच उपाय सुचवणारे 'सोपा' या नावाचे विधेयक आले, तेव्हा त्यातील व्यापक अधिकारांच्या निषेधार्थ इंग्रजी विकिपीडिया १८ जानेवारी २०१२ रोजी दिवसभर बंद ठेवण्यात आला आणि विधेयक बारगळले. त्या वेळी विरोधात अग्रभागी असलेल्या अमेरिकी खासदार झो लॉफग्रेन यांनीच जानेवारी २०२५ मध्ये नवे विधेयक मांडले. मात्र ते केवळ परदेशी चोरट्या संकेतस्थळांपुरते असून बंदीसाठी न्यायालयाचा आदेश आवश्यक ठरवते. हा फरक मला फार मोलाचा वाटतो.

कारण घाईची बंदी निरपराधांनाही भोवते. इटलीत तक्रार येताच तीस मिनिटांत संकेतस्थळ रोखण्याची व्यवस्था आहे, आणि ऑक्टोबर २०२४ मध्ये त्याच व्यवस्थेतून चुकून गुगल ड्राइव्ह बंद पडले.

आपल्याकडे दिल्ली उच्च न्यायालयाने एप्रिल २०१९ मध्ये, चोरटे संकेतस्थळ नाव बदलून पुन्हा उभे राहिले तर त्या नव्या नावालाही मूळ आदेश लागू करून घेण्याची वाट मोकळी केली. ती आवश्यकच होती. तरीही मला मुंबई उच्च न्यायालयाचा २०१६ मधील आग्रह अधिक जवळचा वाटतो: निर्मात्याने दिलेली दुव्यांची नुसती यादी पुरेशी नाही, प्रत्येक दुवा तपासलेला हवा, आणि बंद केलेल्या पानावर तो कोणत्या प्रकरणात बंद झाला व दाद कोठे मागायची, हे लिहिलेले हवे.

असे बरेच आदेश दिल्लीतून निघतात. सोलापुरातील एखाद्या छोट्या नाट्यसंस्थेचे संकेतस्थळ चुकून त्यात सापडले, तर तिने वकील शोधत दिल्ली गाठायची का? आपल्याकडे या विषयावर स्वतंत्र कायदा होईल तेव्हा चोरांवरील बंदी त्यात कडक असावीच. मात्र आपल्याच जिल्ह्यातून अर्ज करता येण्याची आणि ठरावीक दिवसांत त्यावर सुनावणी होण्याची तरतूदही त्याच कायद्यात असली पाहिजे.