फासा, कावळा आणि सिनेमा

नमस्कार मंडळी! आज बोलायचंय ते एका खेळाबद्दल आणि त्याच्यावर काढलेल्या सिनेमाबद्दल. खेळाचं नाव डन्जन्स अँड ड्रॅगन्स. अमेरिकेत १९७४ साली गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह अर्नेसन या दोघांनी काढला, म्हणजे पन्नाशी उलटली त्याची. चारपाच जण टेबलाभोवती बसतात, कोणी योद्धा होतो कोणी जादूगार होतो, आणि एक जण डन्जन मास्टर, म्हणजे आपला सूत्रधारच म्हणा ना, गोष्ट सांगतो. तुम्ही काय करणार ते तोंडाने सांगायचं आणि जमतं की नाही ते वीस बाजूंचा फासा ठरवतो. तेवढं लक्षात ठेवा, फासा ठरवतो.

आता मला हे कुठून कळलं? तर आमच्या ठाण्याच्या नौपाड्यातल्या घरी भाचा आणि त्याचं टोळकं रविवारी खेळायला जमतं. सूत्रधार एक मुलगी आहे, ऐरोलीहून ट्रान्स हार्बरच्या लोकलने येते, एवढीशी, पण आवाज असा की हवालदार वाटावा. त्या रविवारी त्यांना एका किल्ल्यात शिरायचं होतं. तासभर चर्चा! भुयार खणू, दोर टाकू, पहारेकऱ्याला झोपेचं औषध देऊ. आमची आई गॅलरीच्या उंबऱ्याशी मटार सोलत बसलेली. (आता मटार कोण सोलतंय म्हणा, सगळे फ्रोजनची पिशवी फोडतात आणि वर म्हणतात पूर्वीची चव राहिली नाही.) तर आई ऐकून ऐकून कंटाळली आणि म्हणाली, "अरे, कोणी कडी वाजवून बघितलीत का?"

सगळे गप्प. खरंच कोणी वाजवली नव्हती. ती मुलगी म्हणाली, "आजी, चालेल, पण मग फासा तुम्हीच टाका." आईने लहानपणी कवड्या खेळलेल्या, तिने दोन्ही मुठींत फासा खुळखुळवला, फुंकर मारली आणि असा काही फेकला की तो टाइलवरून घरंगळत गॅलरीच्या ग्रिलखालून थेट खालच्या मजल्याच्या पत्र्यावर!

सगळे ग्रिलला चिकटले. पत्र्याच्या पन्हळीत पिवळा फासा अडकलेला, आकडा काय ते दिसेना. भाच्याने मोबाइल बाहेर काढून झूम केलं तर सतरा! सतरा म्हणजे भारीच की हो, काम झाल्यात जमा, पोरं नाचायला लागली. आणि तेवढ्यात कावळा आला. आता तो का आला ते सांगतो, आई रोज जेवायच्या आधी त्याच पत्र्यावर पोळीचा घास टाकते, त्यामुळे पत्र्यावर पिवळं काही दिसलं की ते आपलंच, अशी त्याची समजूत. त्याने टोच मारली, आवडलं नाही, परत मारली आणि उडाला. फासा उलटला. झूम केलं तर दोन.

मग जे भांडण झालं म्हणता! एक म्हणतो सतरा आधी वाचलं होतं, दुसरा म्हणतो टेबलाबाहेर पडलेला फासा धरतच नाहीत, तिसरा म्हणतो कावळ्याची पाळीच नव्हती. वीस मिनिटं तेच चाललेलं. शेवटी त्या मुलीने निकाल दिला, दोन्ही धरायचे. म्हणजे सतरा पडले म्हणून पहारेकऱ्याने दार उघडलं, आणि दोन पडले म्हणून तुम्ही आत शिरताय तेवढ्यात तटावरचा एक कावळा असा काही ओरडला की अख्खा किल्ला जागा झाला. तेव्हापासून तो कावळा त्यांच्या गोष्टीत कायमचा आहे, दर रविवारी कुठून तरी येऊन घोळ घालतो. पोरांनी त्याचं नाव पितर ठेवलं, आई रागावली, असं बोलू नये म्हणाली, पण हसत होती.

आता बघा, हाच कावळा सिनेमात दाखवला तर तुम्हीआम्ही काय म्हणू? लेखकाला काही सुचलं नाही म्हणून कावळा आणला! टेबलावर असं कोणी म्हणालं नाही, कारण तो कावळा कोणाच्याच डोक्यातून आला नव्हता. खेळाचा सिनेमा करताना अडतं ते इथे. खेळात फासा ठरवतो, सिनेमात लेखक ठरवतो, आणि प्रेक्षकाला ते माहीत असतं.

२००० साली कोर्टनी सॉलोमन यांनी पहिला सिनेमा काढला, जेरेमी आयर्न्ससारखा नट होता, ड्रॅगन होते, पण खर्चसुद्धा निघाला नाही. ड्रॅगन घेतले आणि टेबलावरची गंमत घरीच राहिली, असं माझं मत. (लुडोचंही मोबाइलवर तेच झालंय, फासा हातातच नाही तर शिव्या कोणाला घालायच्या?)

२०२३ साली जोनाथन गोल्डस्टीन आणि जॉन फ्रान्सिस डेली यांनी 'ऑनर अमंग थीव्ज' आणला, ख्रिस पाइन, मिशेल रॉड्रिग्ज वगैरे. त्यांनी हुशारी काय केली, तर बेत फसवले. खेळात एक मंत्र आहे, मेलेल्याला बोलतं करायचं, पण पाचच प्रश्न विचारता येतात. सिनेमात हे लोक थडगी उकरतात आणि प्रश्न आपसातच एकमेकांना विचारून बसतात, मढं प्रामाणिकपणे उत्तर देतं, प्रश्न वाया. मग दुसरं थडगं उकरा! पूल ओलांडायचे नियम समजावून सांगेपर्यंत एकाचा पाय भलतीकडे पडतो आणि पूल खाली. पडद्यावर फासा टाकून कोणी काही ठरवत नाही, पण आत्ता एक पडला, आत्ता दोन पडले, हे कळतं. भाचा थिएटरात ओरडलाच, "पितर आला!" पुढच्या रांगेतल्या बाईंनी वळून बघितलं. धंदा म्हणाल तर १५ कोटी डॉलर खर्च आणि जगभरातून २० कोटींच्या थोडं वर तिकीटविक्री, त्यातला वाटा थिएटरवाल्यांचा, म्हणजे फार काही हाती लागलं नाही. मला मात्र आवडला.

फासा अजून पत्र्यावरच आहे. खालच्यांकडे मागायला कोण जाणार, त्यांचं आणि आमचं गळतीवरून वाजलेलंय. पोरांनी नवा आणला. परवाच्या पावसानंतर मी सहज डोकावून बघितलं, नऊ पडले होते.